डांबर, मुरूम आणि चिखल : एकाच टायरची दुहेरी परीक्षा

पावसाची पहिली सर कोसळली, की पुण्या-मुंबईतील दुचाकीस्वारांचे ताफे घाटमाथ्याकडे निघतात. ताम्हिणी, वरंधा, माळशेज या वाटा त्यांना पाठ असतात. गेल्या दहा वर्षांत या ताफ्यांचे रूप मात्र पालटले आहे. २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन बाजारात आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आणि २०२० मध्ये केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर. उंच बांधणीच्या, लांब सस्पेन्शनच्या, पुढचे चाक मोठे असलेल्या या गाड्यांनी डांबरी रस्ता संपला तरी प्रवास संपत नाही, ही कल्पना मध्यमवर्गीय चाकरमान्याच्या आवाक्यात आणली. साहजिकच रविवारचा बेत गडाच्या पायथ्याच्या डांबरी रस्त्यावर न थांबता पाणंदीत, मुरमाच्या वाटेवर, ओढ्याच्या पात्रात शिरू लागला.

अशी गाडी घेणारा गृहस्थ सामानाच्या पेट्या, इंजिनखालची लोखंडी ढाल आणि जादा दिवे यांवर सढळ हाताने खर्च करतो. टायर मात्र तो बहुधा दिसण्यावरून निवडतो. जाड, उठावदार गठ्ठ्यांचा टायर, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘बटन टायर’ म्हणतात, लावला की गाडी रुबाबदार दिसते आणि कोठेही जाईल असा भरवसा वाटतो. या भरवशाचा पहिला अर्धा भाग काही अंशी खरा आहे. दुसरा अर्धा, म्हणजे असा टायर सर्वत्र अधिक सुरक्षित असतो हा समज, चुकीचा आहे आणि ओल्या घाटरस्त्यावर तो महागात पडू शकतो. दुचाकीच्या प्रत्येक चाकाचा जमिनीशी येणारा संबंध जेमतेम तळहाताएवढ्या जागेपुरता असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे तेवढ्याच जागेतून होतात. तेथे किती रबर आहे, ते किती मऊ आहे आणि खालच्या पृष्ठभागाशी ते कसे वागते, यावर सारे अवलंबून असते.

डांबरावर पकड येते ती रबर पृष्ठभागाला चिकटण्यातून आणि खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती ते दबून बसण्यातून. त्यासाठी संपर्कातील रबर जितके जास्त आणि मिश्रण जितके मऊ, तितके चांगले. रस्त्यावरच्या टायरची नक्षी म्हणूनच सलग असते आणि मधल्या चरी पाणी बाहेर ढकलण्यापुरत्याच अरुंद ठेवलेल्या असतात. चिखलात आणि भुसभुशीत मातीत हा हिशेब उलटतो. तेथे पृष्ठभाग स्वतःच सरकतो. टायरला त्यात रुतून, मातीच्या थराला कडांनी धरून पुढे रेटावे लागते. त्यासाठी उंच गठ्ठे हवेत, आणि त्या गठ्ठ्यांमध्ये मोकळी जागाही हवी, कारण चाक फिरताना अडकलेला चिखल झटकला गेला नाही, तर दोन-चार फेऱ्यांत बटन टायर गुळगुळीत टायरसारखाच होऊन बसतो.

ही मोकळी जागा डांबरावर मात्र वजाबाकीत जाते. जिथे रबर हवे तिथे पोकळी असते. शिवाय उंच गठ्ठे वळणात कलतात, जोरात ब्रेक लावला की मागे वाकतात. गाडी अंगाखाली हलल्यासारखी वाटते ती यामुळे. बटन टायरमध्ये पाण्याला वाट भरपूर असते, म्हणून तो पावसात उत्तम, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. पाण्याच्या थरावर तरंगण्याचा धोका त्यात कमी असतो हे खरे. पण दुचाकीच्या नेहमीच्या वेगाला, साध्या ओल्या रस्त्यावर खरी अडचण तरंगण्याची नसते, ब्रेक लावल्यावर पुरेसे रबर रस्त्याला टेकत नाही ही असते. त्यात पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि गावातून जाणारे शेवाळलेले काँक्रीटचे रस्ते आले की तफावत आणखी ठळक होते.

ही तडजोड जुनी आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी आणली. नावातील जी म्हणजे गेलेंडे, अर्थात मोकळा रानमाळ, आणि एस म्हणजे श्ट्रासे, अर्थात रस्ता. दुसऱ्याच वर्षी या गाडीने पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि महामार्गावरही पळणारी, वाळूतही चालणारी मोठी मोटारसायकल हा प्रकार रूढ झाला. पण जड गाडी, महामार्गाचा वेग आणि उंच गठ्ठे यांचे जमत नाही. वेगात गठ्ठे सतत वाकून तापतात आणि भराभर झिजतात. तेव्हापासून आजवर दुहेरी वापराच्या टायरचा सारा विकास म्हणजे या तडजोडीचा काटा थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवण्याचा खटाटोप आहे.

टक्केवारीचा खेळ

या टायरची जाहिरात ८०-२०, ५०-५० अशा जोड्यांनी केली जाते. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा रानवाटेचा. ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ही टक्केवारी कोणत्याही सर्वमान्य चाचणीतून आलेली नसते. ती उत्पादकाने स्वतः केलेली वर्गवारी असते. एका कंपनीचा ६०-४० हा दुसऱ्या कंपनीच्या ५०-५० पेक्षा अधिक दणकट असू शकतो. आकड्यापेक्षा टायरकडे पाहणे बरे. गठ्ठे किती उंच आहेत, मधल्या पट्ट्यात ते एकमेकांना जोडलेले आहेत की सुटे, आणि खांद्यापर्यंत, म्हणजे गाडी वळणात कलल्यावर टेकणाऱ्या भागापर्यंत, रबर सलग पोहोचते की नाही, एवढे पाहिले तरी बरेच कळते. मध्ये जवळजवळ सलग आणि कडेला सुटे गठ्ठे अशी रचना घाटाच्या रस्त्याला मानवते. सर्वत्र सुटे, उंच आणि चौकोनी गठ्ठे म्हणजे रस्त्यावर सांभाळून चालवण्याचा टायर.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही टक्केवारी स्वतःच्या प्रवासाला प्रामाणिकपणे लावून पाहणे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तेथून रायगडाच्या पायथ्याशी पाचाड, असा जाऊन-येऊन अडीचशेहून अधिक किलोमीटरचा रविवारचा फेरफटका घेतला आणि त्यात मुद्दाम शोधलेली कच्ची वाट पंधरा किलोमीटरची असली, तर रानवाटेचा वाटा सहा टक्केही भरत नाही. सोमवार ते शुक्रवार कार्यालयाच्या फेऱ्या धरल्या तर तो दोन-तीन टक्क्यांवर येतो. अशा स्वाराने ५०-५० टायर लावणे म्हणजे आठवडाभराच्या सुरक्षिततेतून रविवारच्या तासाभराची किंमत मोजणे होय.

अर्थात नुसत्या किलोमीटरचा हिशेब पुरत नाही. पंधरा किलोमीटरमध्ये एखादा असा टप्पा असतो, की जेथून गाडी निघाली नाही तर दिवस तेथेच संपतो. टायरची निवड त्या सर्वांत वाईट टप्प्यावरही ठरते. फरक एवढाच, की तो टप्पा टाळता येतो का आणि तेथे पडल्याने काय होते, हे विचारले पाहिजे. चिखलात ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने घसरलेली गाडी बहुधा आरसा किंवा क्लचची मूठ मोडून थांबते. ओल्या घाटात ताशी साठच्या वेगाने पुढचे चाक सुटले तर समोरून येणारी एसटी असते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून टायर निवडताना दोन्हींना सारखे वजन देणेही योग्य नाही.

महाराष्ट्रातील माती एकसारखी नाही, हेही या हिशेबात धरावे लागते. घाटमाथ्यावरचा आणि दख्खनच्या पठारावरचा मुरूम कोरडा असताना बहुतेक सर्व दुहेरी टायरना मानवतो. बारीक सुट्या खड्यांवर गठ्ठ्यांच्या कडा थोड्या उपयोगी पडतात, इतकेच. कोकणातील जांभ्याचा तांबडा चिखल निसरडा असला तरी खाली बहुधा टणक थर सापडतो, आणि मध्यम उंचीचे गठ्ठे तेथपर्यंत पोहोचतात. खरी कसोटी काळ्या मातीची. पाणी मुरताच फुगणारी ही चिकण माती टायरला अशी लिंपली जाते, की गठ्ठ्यांमधली जागा कितीही मोठी असली तरी भरून जाते. मग ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटते आणि चाक फिरायचेच थांबते. पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील पाणंदीत बैलगाड्यासुद्धा रुततात. अशा मातीवर टायरचा उपाय नाही, उंच मडगार्डचा थोडाफार आहे आणि खरा उपाय वाट बदलण्याचा आहे.

ओल्या कातळावर तर सगळे संकेत पालटतात. तेथे गठ्ठे कोठेच रुतू शकत नाहीत. मऊ रबर आणि किंचित कमी हवा यांचाच काय तो आधार. शेवाळ असेल तर तोही नाही. कातळाच्या सड्यांवर गाडी घालण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टायरच्या कुवतीपलीकडच्या कारणासाठीही आवरायला हवा. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि अशा सड्यांवरचा मातीचा पातळ थर बटन टायरच्या एका फेरीत उखडतो.

पुढचे चाक, मागचे चाक

दोन्ही चाकांची कामे वेगळी असतात. मागचे चाक इंजिनचा जोर जमिनीपर्यंत पोहोचवते आणि तेच लवकर झिजते. पुढचे चाक दिशा देते आणि जोरात ब्रेक लावताना बहुतेक भार त्याच्यावर येतो. मागचे चाक घसरले तर सराईत स्वार गाडी सावरतो. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन चाकांना वेगळ्या स्वभावाचे टायर लावायचे झाल्यास पुढचा थोडा अधिक गठ्ठ्यांचा आणि मागचा थोडा अधिक सलग, ही रीत रानवाटेवर जास्त फिरणाऱ्यांत रूढ आहे. मागचा टायर अधिक काळ टिकतो आणि चिखलात दिशा हातात राहते, हे तिचे फायदे. बाजारात मात्र अनेकदा उलटे दिसते. मागचा झिजला की दिसायला जबरदस्त असा बटन टायर मागे बसतो आणि पुढे वर्षानुवर्षे मूळचाच, कडक झालेला टायर राहतो. रस्त्यावर अधिक फिरणाऱ्याने अशी सरमिसळ न करता एकाच उत्पादकाची, एकमेकांसाठी बनवलेली जोडी घेणे श्रेयस्कर. सांगाड्याच्या बाबतीत तर हा नियम अधिकच कडक आहे. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय, किंवा उलट, अशी जोडी गाडीच्या उत्पादकाने सुचवली असेल तरच लावावी.

सांगाड्याचा हा भेद दुकानात क्वचितच समजावून सांगितला जातो. बायस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत टाकलेले असतात. त्यामुळे बाजूच्या भिंती ताठ राहतात आणि दगडांचा मार सोसतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. तो कमी तापतो आणि जड गाडीला वेगात स्थिर ठेवतो. दोनशे-चारशे सीसीच्या, मध्यम वेगाच्या आणि खडकाळ वाटेवर जाणाऱ्या गाडीला बायस-प्लाय लावणे मागासलेपणाचे नाही.

भिंतीवरचे आकडे

टायरच्या बाजूच्या भिंतीवर त्याची कुंडली लिहिलेली असते. मूळ हिमालयनचा पुढचा टायर ९०/९०-२१ आणि मागचा १२०/९०-१७ मापाचा. यातील पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची ते सांगणारा आणि तिसरा रिमचा इंचातील व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास काढता येतो. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची मिळून २१६ मिलिमीटर भिंत मिळवली की ६४७.८ मिलिमीटर होतात. गंमत अशी, की एक्सपल्स २०० चा मागचा टायर १२०/८०-१८, म्हणजे रिम एका इंचाने मोठे आणि भिंत ठेंगणी. तरी त्याचा व्यास ६४९.२ मिलिमीटर, जवळजवळ तेवढाच.

हा हिशेब कामाचा आहे, कारण रुंद टायर लावण्याची हौस दांडगी असते. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की दोन्ही कडा आत खेचल्या जातात, माथा अधिक गोलाकार होतो आणि संपर्काची जागा वाढण्याऐवजी बिघडते. साखळीला किंवा स्विंगआर्मला टायर घासण्याचा संभव वेगळाच. व्यास बराच बदलला तर वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवतो, आणि चाकांच्या गतीची तुलना करून चालणाऱ्या एबीएसचा हिशेबही बिघडू शकतो. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य आहे, त्यामुळे हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक अशा गाडीचा आहे. गाडीच्या पुस्तिकेतील मापाच्या जवळपास राहणेच शहाणपणाचे.

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. ५४ एस असे लिहिले असेल तर टायर २१२ किलो भार पेलतो आणि त्याची वेगमर्यादा ताशी १८० किलोमीटर आहे. ६४ म्हणजे २८० किलो. अक्षरांपैकी पी म्हणजे १५०, क्यू १६० आणि टी १९०. कोणी टायर १८० च्या वेगाने पळवणार नसते, पण मागे जोडीदार, दोन पेट्या आणि तंबूचे ओझे लादून लेहला निघालेल्या गाडीचा भारांक तपासलाच पाहिजे. ‘एम प्लस एस’ हा चिखल-बर्फाचा शिक्काही पुष्कळदा दिसतो. तो नक्षीचा प्रकार सांगतो, चिखलातील कामगिरीची हमी देत नाही.

शेवटची खूण चार आकड्यांची. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. या टायरना गिऱ्हाईक मर्यादित असल्याने काही माल दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतो आणि सवलतीत विकला जातो. रबर वापरले नाही तरी कडक होत जाते, आणि ओल्या रस्त्यावर कडक रबराला मऊ नक्षी वाचवू शकत नाही. दोन-तीन वर्षे जुना टायर स्वस्तात मिळाला तरी तो लाभाचा सौदा क्वचितच ठरतो. आयात टायरची किंमत देशी टायरच्या दुप्पट-तिप्पटही असते. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला तो फरक भरून मिळण्याची शक्यता कमी. त्या पैशात दोन जोड्या देशी टायर वेळेवर बदलले, तर सुरक्षितता अधिक पदरात पडते. बटन टायर महामार्गावर झपाट्याने झिजतो, मधले गठ्ठे आधी सपाट होतात आणि मग तो ना रस्त्याचा राहतो ना रानाचा.

हवेचा दाब

वरील साऱ्या चर्चेइतकाच, किंबहुना अधिक, परिणाम फुकटच्या हवेने होतो. तोच टायर दाब बदलून वेगळा वागतो. रस्त्यावर पुस्तिकेत दिलेला दाब, तोही टायर थंड असताना मोजलेला. रानवाट सुरू झाली की तो २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवला तर संपर्काची जागा लांबते, टायर दगडांवर उड्या मारण्याऐवजी त्यांना कवेत घेतो आणि साधा ८०-२० टायरही आश्चर्य वाटावे इतका पुढे जातो. त्याहून खाली मात्र जपून. ट्यूबच्या टायरमध्ये दाब फार कमी असताना दगडाची धार बसली, की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात; रिमलाही पोचा येतो. आणि डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरणे ही ऐच्छिक गोष्ट नाही. कमी हवेवर वेगात धावणारा टायर तापतो आणि वळणात गाडी भलतीकडेच जाऊ पाहते. त्यामुळे दाबमापक आणि हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप ही चैन नव्हे.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक तपशील. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. मापक दाखवतो तो टायरमधील आणि बाहेरील दाबांतील फरक. म्हणून खाली भरलेली हवा खिंडीत पोहोचेपर्यंत मापकावर काही पीएसआयने वाढलेली दिसते. थंडीने त्यातील थोडी वाढ कमी होते, सगळी नाही. वर पोहोचल्यावर दाब तपासून उतरवावा आणि खाली आल्यावर पुन्हा भरावा.

तारांच्या चाकांत सहसा ट्यूब असते, कारण तारा रिमला आरपार जातात. रानात पंक्चर झाले तर चाक उतरवणे आले. ट्यूबलेस चाकात खिळा निघेपर्यंतच गोष्ट असते, पट्टी घुसवली की पुढचा प्रवास सुरू. मात्र कास्ट चाकाला दगडाचा जबर मार बसला तर ते तडकण्याची भीती, आणि तारांचे चाक वाकून परत सरळ होते. ट्यूबची गाडी असेल तर दोन टायर लिव्हर आणि एक जादा ट्यूब सोबत हवी. एकच नेण्याइतकी जागा असेल तर पुढच्या २१ इंची चाकाची न्यावी. ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात तात्पुरती घड्या पडून का होईना बसते. मागची जाड ट्यूब पुढे बसवणे अवघड.

नवा टायर बसवून घेताना भिंतीवरील बाणाची दिशा आणि कडेलगतची बारीक रेघ रिमभोवती सर्वत्र समान अंतरावर आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. रेघ एका बाजूला दबलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, शक्यतो कोरड्या रस्त्यावर, वळणे आणि ब्रेक बेताने घेत काढावेत. घाटाचा बेत त्यापुढच्या रविवारी.